चाकांचे दप्तर

नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरपासून शिर्डीपर्यंत वाहतुकीस खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जोडला जाऊन त्याची ७०१ किलोमीटरांची लांबी पुरी झाली. प्रवासाचे किती तास वाचले, याचा हिशेब तेव्हा सर्वांनी मांडला. परंतु मोटार बाळगणाऱ्या सामान्य कुटुंबापुढे या रस्त्याने जी एक नवी कसोटी उभी केली, तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. जुना रस्ता गाडीला सक्तीची विश्रांती देत असे. थोड्या थोड्या अंतरावर एखादे गाव लागे, बाजाराचा दिवस असे, रेल्वेचे फाटक बंद असे, गतिरोधक आडवे येत. आणि या प्रत्येक अडथळ्याशी गाडी मंदावली की तिच्या चाकांत साठलेली उष्णता थोडीबहुत निवत असे. नव्या रस्त्यावर अडथळाच नसल्यामुळे तीच गाडी, तेच कुटुंब आणि तेच सामान घेऊन, ताशी १२० किलोमीटरांच्या मर्यादेला टेकून तासन्‌तास धावू शकते. जो दोष जुना रस्ता वर्षानुवर्षे पोटात घालीत होता, त्याचा जाब नवा रस्ता एका दुपारीच विचारतो. परिवहन विभागाला या मार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायरांची तपासणी करण्याची आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्यांना मज्जाव करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली, ती याच कारणाने.

आकड्यांत पाहिले म्हणजे या कसोटीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. आपल्याकडील अनेक मध्यम आकाराच्या मोटारींना १८५/६५ आर १५ या मापाचा टायर असतो. त्याचा परीघ दोन मीटरांहून किंचित कमी भरतो. म्हणजे एका किलोमीटरात ते चाक सुमारे ५१२ वेळा फिरते, आणि नागपूर ते मुंबई या एका प्रवासात साडेतीन लाखांहून अधिक वेळा. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावताना दर सेकंदाला त्याचे १७ फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात रबराचा प्रत्येक भाग एकदा जमिनीशी दबून पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्या-सावरण्याच्या अविरत क्रियेवरच मोटारीचा सगळा डोलारा उभा आहे. टायर जमिनीला जेथे प्रत्यक्ष टेकतो ते क्षेत्र दर चाकामागे सव्वाशे ते दीडशे चौरस सेंटिमीटरांच्या आसपास असते; चारही चाकांचे मिळून ते एका फुलस्केप कागदाहून कमी भरते. ब्रेक कितीही उत्तम असोत, एअरबॅगा सहा असोत की आठ, चालक कितीही सराईत असो. गाडी थांबते, वळते, सावरते ती एवढ्याच जागेच्या आधारावर.

हवेचे सामर्थ्य

चाकाची निगा राखणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. बैलगाडीचा तुंबा, आरे आणि लोखंडी धाव यांची तपासणी केल्यावाचून जत्रेला किंवा बाजाराला गाडी जुंपली जात नसे. धाव सैल झाली तर लोहाराकडून ती तापवून पुन्हा चढवून घेण्यात येई, आणि कण्याला वंगण घालणे हे तर घरातल्या पोरासोरांनाही अवगत असे. मोटारीच्या चाकाने या ज्ञानात एकच नवी, परंतु मूलगामी गोष्ट आणली, ती म्हणजे कोंडलेली हवा. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याने गंधक आणि उष्णता यांच्या संयोगाने रबर टिकाऊ करण्याची क्रिया शोधली. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने हवेच्या चाकाचे एकस्व घेतले. आणि ती कल्पना विस्मृतीत गेल्यानंतर १८८८ साली बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या निमित्ताने ती पुन्हा सिद्ध केली. १९४६ साली मिशलिन कंपनीने ज्या रेडियल रचनेचे एकस्व घेतले, तीत आतील धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि त्यांवर पोलादी तारांचे पट्टे बसवलेले असतात. आज आपल्या मोटारी बहुतांशी याच रचनेच्या टायरांवर धावतात.

या सगळ्या इतिहासाचे सार एवढेच, की गाडीचा भार रबर पेलीत नाही, हवा पेलते. रबर, धागे आणि तारा यांचे काम त्या हवेला धरून ठेवण्याचे. म्हणून टायरची निगा म्हणजे प्रथमतः हवेच्या दाबाची निगा होय. बाकी सर्व गोष्टी त्यानंतर येतात.

दाब किती असावा, हे गाडीच्या निर्मात्याने ठरवून दिलेले असते आणि चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर, किंवा काही गाड्यांत इंधनाच्या झाकणामागे, एका लहानशा पट्टीवर ते छापलेले असते. पुष्कळशा लहान व मध्यम गाड्यांत ते ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असते. त्याच पट्टीवर दोन रकाने असतात: एक-दोन माणसे असतानाचा दाब निराळा आणि पाच माणसे व पूर्ण सामान असतानाचा निराळा. दिवाळीत गावी निघताना फराळाचे डबे, गाद्या, मुलांच्या पिशव्या आणि आजी-आजोबा अशी भरलेली गाडी आपण रोज ऑफिसला जातानाच्याच हवेवर काढतो, तेव्हा तो दुसरा रकाना आपण वाचलेलाच नसतो. टायरच्या भिंतीवर जो कमाल दाब छापलेला असतो, तोच भरावयाचा दाब असे समजणारेही अनेक आहेत. तो केवळ टायरची मर्यादा सांगतो. आपल्या गाडीला काय हवे, हे त्याला ठाऊक नसते.

दाब मोजावयाचा तो टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चालल्यानंतर. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. त्यामुळे सकाळी ३३ असलेला आकडा दुपारी महामार्गावर ३७-३८ दाखवू लागला, तर त्यात भिण्यासारखे काही नाही. निर्मात्याने ही वाढ गृहीत धरलेली असते. परंतु नेमक्या याच ठिकाणी आपल्याकडे एक घातक समजूत रूढ झालेली आहे. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा, पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला, रस्ता तापलेला. अशा दिवसांत टायर फुटू नये म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवणारे, किंवा वाटेत तापलेल्या टायरातून हवा सोडून देणारे लोक थोडेथोडके नाहीत. हेतू शुद्ध असतो, परिणाम मात्र नेमका उलट होतो.

तो का होतो, हे समजून घेणे हाच या विषयाचा गाभा आहे. हवा कमी असली की टायरच्या भिंती अधिक वाकतात. रबर वाकवण्यात खर्च झालेली सगळी शक्ती ते सरळ होताना परत मिळत नाही. तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने आतच राहतो. सेकंदाला १७ वेळा ही वाकणे-सरळ होण्याची क्रिया घडू लागली, म्हणजे उष्णता बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा ती निर्माण होण्याचा वेग वाढतो. वेग फार झाला आणि दाब फार कमी असला, तर टायरचा दबलेला भाग जमिनीवरून सुटून पूर्ववत होण्यापूर्वीच पुढची पाळी येते, आणि त्याच्या पृष्ठावर उभ्या लहरी उमटू लागतात. मग रबर आणि पोलादी पट्टे यांना जोडणारा थर सुटू लागतो, आणि अखेरीस ज्याला आपण ‘टायर फुटला’ म्हणतो ती घटना घडते. ऊन हे त्या घटनेचे निमित्त असते. मूळ कारण बहुधा काही आठवड्यांपूर्वीचे, हळूहळू कमी होत गेलेल्या हवेचे असते.

या कारणमीमांसेची फार मोठी किंमत देऊन झालेली प्रचीती अमेरिकेत आली. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांतील बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या उंच गाडीला बसवलेले होते. टायरचा वरचा थर धावता धावता सुटून गाड्या उलटत होत्या, आणि अडीचशेहून अधिक मृत्यूंशी या दोषाचा संबंध जोडला गेला. टायरची घडण, उष्ण प्रदेश, दीर्घ वेगवान प्रवास, गाडीचा भार आणि निर्मात्याने सुचवलेला अवघा २६ पीएसआयचा दाब, या सर्वांचा विचार त्या चौकशीत झाला. त्याच वर्षी तेथे जो कायदा संमत झाला, त्यातूनच पुढे प्रत्येक नव्या मोटारीत टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. आज आपल्याकडील नव्या गाड्यांच्या काचेमागे जो लहानसा पिवळा दिवा लागतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे. मात्र हा दिवा बहुधा दाब बराच उतरल्यावर लागतो. तो शेवटचा इशारा आहे. महिन्यातून एकदा स्वतः दाब पाहण्याच्या कर्तव्यातून तो आपल्याला मुक्त करीत नाही.

धडधाकट टायरातूनही महिन्याकाठी एखादा पीएसआय हवा झिरपून जाते, आणि रेडियल टायर २२ पीएसआयवर आला तरी नुसत्या डोळ्यांना तो ठीकच दिसतो. म्हणून काही शे रुपयांचे एक चांगले गेज घरी बाळगावे. पेट्रोल पंपावर मोफत हवा मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, तो आळस न करता बजावावा. नायट्रोजन भरल्याने हवा थोडी सावकाश झिरपते आणि आत दमटपणा राहत नाही, हे खरे. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि नायट्रोजन भरला म्हणून तपासणीला सुटी मिळत नाही.

भिंतीवरचा मजकूर आणि पाठीवरच्या नोंदी

टायर म्हणजे गाडीचे एक खुले दप्तरच होय. त्याच्या भिंतीवर त्याचा जन्मदाखला लिहिलेला असतो, आणि त्याच्या पाठीवर, ज्या नक्षीला आपण ग्रिप म्हणतो तीत, त्याच्या सगळ्या आयुष्याच्या नोंदी उमटत जातात. हे दप्तर कोणालाही वाचता येते. वाचण्याची इच्छा मात्र हवी.

१८५/६५ आर १५ ८८ एच हा मजकूर घ्या. १८५ ही मिलिमीटरांतील रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ एका टायरवर ५६० किलो, आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरांची वेगमर्यादा दर्शवते. एस असेल तर १८० आणि टी असेल तर १९०. नवा टायर घेताना रुंदी वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु भाराचा आणि वेगाचा निर्देशांक निर्मात्याने ठरवलेल्या पातळीखाली जाऊ देता कामा नये. याच भिंतीवर एका लंबगोलात चार अंक असतात: २३१९ असे असल्यास तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. दुकानदाराकडून ‘नवीन’ म्हणून मिळालेला टायर किती दिवस गोदामात पडून होता, हे या चार अंकांवरून तत्काळ कळते.

वय पाहणे आवश्यक आहे, कारण रबर न वापरताही जुने होते. ऊन, ओझोन आणि प्राणवायू यांच्यापासून संरक्षण देणारी द्रव्ये रबरात मिसळलेली असतात, आणि टायर फिरत राहिला तरच ती पृष्ठभागाशी येत राहतात. म्हणून वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटरच चालणाऱ्या, सोसायटीच्या आवारात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे टायर ग्रिप शाबूत असूनही भिंतींवर बारीक चिरांनी भरून जातात. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर निरपवाद बदल, अशी शिफारस बहुतेक निर्माते करतात; आपल्या उष्ण हवेत ही मुदत गाठेपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

पाठीवरच्या नोंदी कशा वाचाव्यात, याचा उत्तम पाठ पुण्याच्या सातारा रस्त्यावरील एका टायरच्या दुकानात मला पाहावयास मिळाला. साठीच्या घरातले एक गृहस्थ पुढचे दोन्ही टायर बदलून घेण्यासाठी आले होते. वीस हजार किलोमीटरांतच टायर गेले, माल हलका निघाला, अशी त्यांची तक्रार होती. दुकानातील प्रौढ कारागिराने काही न बोलता चाक आडवे केले आणि त्यांना म्हटले, “काका, हात फिरवून बघा. बाहेरून आत न्या.” काकांनी तळहात नक्षीवरून नेला, तो सरळ गेला. “आता आतून बाहेर आणा.” या वेळी प्रत्येक ठोकळ्याच्या कडेला हात अडखळत होता. “रस्तेच तसे आहेत हो आमच्याकडचे,” काका म्हणाले. त्यावर कारागीर म्हणाला, “रस्ता सगळ्यांना तोच आहे, काका. तुमची चाकं तिरकी चालतायत. अलाइनमेंट केल्याशिवाय नवे टायर टाकलेत, तर तेही असेच जातील.”

ती खडबड हीच त्या दप्तरातली नोंद होती. दोन्ही पुढची चाके वरून पाहिली असता परस्परांना जवळजवळ समांतर असावी लागतात. त्यांच्या या कोनाला टो म्हणतात. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधील अंतरात तीन मिलिमीटरांचा अनुचित फरक पडला, तर हिशेबाने प्रत्येक चाक दर किलोमीटरमागे जवळजवळ चार मीटर आडवे घासले जाते, आणि वीस हजार किलोमीटरांत या आडव्या घासण्याचे अंतर कित्येक किलोमीटर होते. समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कलते त्या कोनाला कॅम्बर म्हणतात. तो बिघडला की टायर एकाच खांद्याशी झिजतो. दोन्ही खांदे झिजलेले आणि मध्यभाग शाबूत असेल तर हवा दीर्घकाळ कमी होती, आणि मध्यभाग झिजून खांदे शाबूत असतील तर ती जास्त होती. मध्येच खोलगट डाग पडलेले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झालेला असण्याचा किंवा चाकाचा तोल बिघडलेला असण्याचा संशय घ्यावा. टायर बदलणे म्हणजे फक्त दप्तर बदलणे; ज्या कारणाने त्या नोंदी झाल्या ते कारण गाडीतच राहते.

त्याच दुकानात बॅलन्सिंगचे यंत्रही चालू होते. चाक यंत्राच्या दांड्यावर चढवून फिरवले की कोणत्या जागी किती ग्रॅम कमी आहेत ते पडद्यावर उमटते, आणि लोखंडी रिम असेल तर क्लिपचे, अलॉय असेल तर चिकटवण्याचे वजन त्या जागी लावण्यात येते. एवढ्याशा वजनाने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रिमच्या कडेवरील वीस ग्रॅमांची तफावत ताशी १२० किलोमीटर वेगाने सुमारे साडेचार किलोच्या ओढीएवढा जोर निर्माण करते, आणि ती ओढ सेकंदाला १७ वेळा दिशा बदलते. ताशी ८०-१००च्या पुढे स्टिअरिंगला जी थरथर जाणवते ती हीच, आणि तिचा मार टायरबरोबर बेअरिंगांनाही बसतो. टायर रिमवरून उतरवला की बॅलन्सिंग नव्याने करावेच लागते. मोठ्या खड्ड्यात चाक आपटल्यानंतर अलाइनमेंट पाहून घ्यावे, आणि काही न घडले तरी दर दहा हजार किलोमीटरांच्या सुमारास दोन्ही कामे करावीत.

त्याच वेळी चाकांची अदलाबदलही करावी. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजतात, कारण ओढण्याचे, वळण्याचे आणि ब्रेकचे बरेचसे काम त्यांनाच करावे लागते. साधारणतः पुढची चाके सरळ मागे आणि मागची आडवी-उलटी पुढे, असा क्रम ठेवतात. भिंतीवर बाण असलेला टायर मात्र बाजू बदलून बसवता येत नाही. आणि जेव्हा दोनच टायर नवे घ्यावयाचे असतात, तेव्हा ते पुढे न बसवता मागे बसवावेत, हा तज्ज्ञांचा सल्ला अनेकांना विचित्र वाटतो. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरण्याची काही तरी आशा असते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि सामान्य चालकाच्या हाती काही उरत नाही.

पाऊस, पंक्चर आणि स्टेपनी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरांहून कमी झाली की तो टायर वापरास अयोग्य ठरतो. नव्या टायरात ती आठ मिलिमीटरांच्या आसपास असते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे लहान आडवे बांध असतात आणि त्यांची जागा खांद्यावरील त्रिकोणी खुणेने दाखवलेली असते; नक्षी झिजून त्या बांधांच्या पातळीला आली की कायद्याने टायरचे आयुष्य संपले.

ही केवळ कागदावरची मर्यादा नाही. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरही चिकटून चालतो आणि म्हणूनच माणसाची फसगत होते; पण खाचांचे खरे काम पाऊस पडू लागल्यावर सुरू होते. चाकाखाली सापडलेले पाणी त्या खाचांनी क्षणार्धात बाहेर काढून टाकावयाचे असते. तेवढी जागा उरली नाही, की चाक पाण्याच्या थरावर उचलले जाते आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरर्थक होतात. विमानांच्या टायरांवर नासाने १९६०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे निष्पन्न झाले, की चाक ज्या वेगाला पाण्यावर तरंगू लागते तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. याचा सरळ अर्थ असा, की कमी हवेचा टायर कमी वेगालाच तरंगू लागतो. कोकणातल्या किंवा घाटातल्या पावसात झिजलेला आणि हवा उतरलेला असा टायर म्हणजे दोन अपराध एकाच ठिकाणी. म्हणून कायदा १.६ म्हणत असला तरी पावसाळ्यापूर्वी तीन मिलिमीटरांवर आलेले टायर बदलण्याचा विचार करावा. जुन्या टायरवर तापलेल्या हत्याराने खाचा कोरून, ‘कट मारून’ विकलेला माल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्या खाचा आतील पट्ट्यांपर्यंत पोचलेल्या असू शकतात.

पावसाळ्यानंतर भिंतींची तपासणी अगत्याची. खड्ड्याच्या धारेवर आपटून आतील धागे तुटले म्हणजे त्या जागी भिंतीला फुगा येतो. या फुग्यावर उपाय नाही. टायर बदलणे एवढाच मार्ग. रिमला पोचा किंवा चीर पडली आहे काय, तेही त्याच वेळी पाहावे. अलॉय रिम ठोकून सरळ करून देणारे भेटतात, पण चीर गेलेली रिम डाग देऊन चालवणे धोक्याचे आहे.

ट्यूबलेस टायरचा मोठा गुण असा, की खिळा रुतला तरी हवा एकदम जात नाही. आपल्या महामार्गांवरील पंक्चरवाले, ज्यांत केरळातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, बाहेरूनच स्ट्रिप घालून पाच-दहा मिनिटांत गाडी मार्गी लावतात. मात्र खिळा नक्षीच्या मध्यभागात असेल तरच हा उपाय योग्य. भिंतीतील किंवा खांद्यालगतचे पंक्चर काढून तो टायर वेगाने चालवणे जिवावर बेतू शकते. वाटेत घातलेली स्ट्रिप ही तात्पुरती सोय समजावी, आणि गावी पोचल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. कारण हवा गेलेल्या अवस्थेत गाडी थोडी जरी चालली असेल, तर आतून भिंत कुस्करलेली असते आणि ते उतरवून पाहिल्यावाचून कळत नाही. टायर नवा घेताना त्याबरोबर रबरी व्हॉल्व्हही नवा घ्यावा, आणि त्यावरचे टोपण धुळीपासून व्हॉल्व्हचे रक्षण करते म्हणून ते हरवू देऊ नये.

स्टेपनीची आठवण आपल्याला संकटातच होते, आणि तेव्हा बहुधा तीत हवा नसते. दाब पाहावयाचा तो पाचही चाकांचा पाहावा. २०२० साली झालेल्या नियमदुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि दाबदर्शक यंत्रणा असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही; आपल्या गाडीत ती आहे की संच आहे, हे घरून निघण्यापूर्वीच माहीत असावे. कमी रुंदीची स्टेपनी असल्यास तिच्यावर छापलेली, बहुधा ताशी ८० किलोमीटरांची, मर्यादा पाळावी. चाक बदलताना गाडी सपाट जागी घ्यावी, हँडब्रेक लावून गियर टाकावा, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड लावावा, आणि नट अर्धवट सैल करूनच मग जॅक चढवावा. नट बसवताना एकामागून एक ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. दुकानात हवेच्या बंदुकीने नट आवळले जातात तेव्हा ते अनेकदा प्रमाणाबाहेर आवळले जातात, आणि मग आडरानात साध्या पान्याने ते हलत नाहीत. म्हणून अखेरचा पीळ टॉर्क पान्याने द्यावा असा आग्रह धरावा. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

जबाबदारीचा प्रश्न

या सगळ्या निगेला येणारा खर्च मोजला तर तो वर्षाकाठी दोन-चार हजार रुपयांच्या घरात जाईल. बरीचशी तपासणी तर विनामूल्यच आहे. उणीव आहे ती पैशाची नव्हे, रिवाजाची. महिन्यातून एका ठरावीक दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पाचही चाकांचा दाब. त्याच वेळी भिंती आणि नक्षी यांच्यावरून एक नजर आणि एकदा तळहात. लांबच्या प्रवासापूर्वी भाराप्रमाणे दाब. दहा हजार किलोमीटरांना अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि अदलाबदल: एवढी शिस्त घरात रुजली तर पुरे. ती ड्रायव्हरवर किंवा सर्व्हिस सेंटरवर सोपवून मोकळे होता येत नाही, कारण वर्षातून एक-दोनदाच गाडी पाहणारा माणूस दर महिन्याला उतरणारी हवा पाहू शकत नाही.

परंतु हा प्रश्न केवळ खाजगी काटकसरीचा किंवा स्वसंरक्षणाचा नाही, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीचा टायर फुटला तर ती कोणत्या मार्गिकेत जाईल, हे तिच्या मालकाच्या हाती राहत नाही. शेजारच्या मार्गिकेत दुसरे एखादे कुटुंब असते, ज्याने आपली चाके कदाचित नीट तपासलेली असतात. सार्वजनिक रस्त्यावर आपण ज्या टायरांसह उतरतो, त्यांच्या स्थितीबद्दल आपण त्या अनोळखी कुटुंबाला उत्तरदायी असतो. नाक्यावर तपासणी करणारा अधिकारी असो वा नसो, हे उत्तरदायित्व बदलत नाही.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. चालकाचा परवाना देताना आपण उमेदवाराला गाडी मागे घेता येते का ते पाहतो, सिग्नलच्या खुणा ओळखता येतात का ते विचारतो. त्याच परीक्षेत त्याच्या हाती एक गेज द्यावे, दाराच्या चौकटीवरील पट्टी शोधून दाब तपासावयास सांगावे, टायरच्या भिंतीवरील मजकूर वाचून दाखवावयास लावावा, झिजेची मर्यादा दाखवणारी खूण कोठे आहे ते विचारावे आणि एक चाक स्वतःच्या हाताने बदलून घ्यावे. या कामाला एक गेज, एक जॅक, एक पाना आणि प्रत्येक उमेदवारामागे अर्धा तास यांखेरीज काहीही लागणार नाही. हजारो कोटी रुपये खर्चून वेगाचे रस्ते बांधणाऱ्या राज्याला एवढी तजवीज अवघड नाही, आणि ती होईपर्यंत हीच परीक्षा प्रत्येक वाहनमालकाने या दिवाळीत गावी निघण्यापूर्वी स्वतःच द्यावी.